नवीन घराच्या तळघरात वर्कशॉप करतोय: धूळ ओढायची व्यवस्था कशी आखू?

गॅरेजसुतार

नमस्कार मंडळी,

आमच्या नव्या घराचा पाया खणून झालाय. तळघराच्या भिंती अजून उभ्या राहायच्या आहेत, म्हणजे नकाशात बदल करायला माझ्या हातात तीनेक आठवडे आहेत. तळघरातली ६ मीटर बाय ९ मीटरची जागा सुतारकामासाठी माझ्या वाट्याला आली आहे.

इतकी वर्षं गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये काम केलं. मोठं दार उघडं टाकलं की धूळ वाऱ्यावर निघून जायची. तळघराला असं दार नाही, आणि वर माणसं राहणार आहेत. आईला दमा आहे. तिच्या खोलीची जमीन म्हणजे माझ्या वर्कशॉपचं छत. त्यामुळे ही गोष्ट मला पहिल्यापासून नीट करायची आहे.

यंत्रं अशी आहेत: १० इंची टेबल सॉ, १३ इंची थिकनेस प्लेनर (फळीची जाडी एकसारखी करणारा), ६ इंची जॉइंटर (फळीची कड सरळ करणारा), १४ इंची बँड सॉ, मायटर सॉ (फळी आडवी कापणारी करवत), राउटर टेबल आणि हातातले सँडर.

आजचा आराखडा सांगतो. २ अश्वशक्तीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर (यंत्रांची धूळ पाइपातून ओढणारा पंखा) जिन्याखाली. छताला ४ इंची पीव्हीसीची मुख्य लाइन, तिथून प्रत्येक यंत्राला फांदी. टेबल सॉ खोलीच्या मध्यावर असल्याने तिचा पाइप काँक्रीटच्या जमिनीखालून. फिल्टरची कटकट नको म्हणून कलेक्टरची हवा भिंतीतून थेट बाहेर. गॅसवर चालणारा पाणी तापवायचा बॉयलर समोरच्या कोपऱ्यात. छताची उंची २.४ मीटर.

चुका असतील तर स्पष्ट सांगा. काँक्रीट पडायच्या आत सांगा, एवढीच विनंती.

रंधा

अभिनंदन! सगळ्यात आधी उंचीचं बोलतो, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, भिंतीची उंची येत नाही.

प्लायची पूर्ण शीट १.२२ बाय २.४४ मीटर. ती आडवी होती ती उभी करायची म्हणजे तिचा कर्ण छताखालून फिरला पाहिजे, आणि तो भरतो २.७३ मीटर. तुमच्या २.४ मीटरच्या खोलीत शीट उभीच राहणार नाही, फिरवणं दूरच. त्यात छताला पाइप आणि दिवे लागले की हातात उरतात २.२ मीटर. लांब फळी प्लेनरमधून काढून खांद्यावर घेऊन वळलात की पहिली ट्यूबलाइट गेली.

बिल्डरला भिंती २.८ ते ३ मीटर करायला सांगा. आत्ता ते अर्धा मीटर जास्तीच्या भिंतीचं काम आहे.

दुसरं, जिना. सरळ, रुंद, मध्ये वळण नसलेला. शक्य असेल तर बाहेरून थेट तळघरात उतरणारा वेगळा दरवाजा करा. बँड सॉचं ओतीव लोखंडी धूड घरातल्या जिन्यावरून उतरवताना मधल्या वळणावर ते ना पुढे जात, ना मागे येत. आम्ही चौघं त्या पायरीवर अर्धा तास उभे होतो.

वायुवीजन

गॅरेजसुतार, उंचीपेक्षाही आधी तुमचं एक वाक्य पाहा: "कलेक्टरची हवा थेट बाहेर" आणि त्याच खोलीत गॅसचा बॉयलर. हे दोन्ही एकत्र करू नका.

का ते सांगतो. तुमची खोली ६ × ९ × २.४, म्हणजे साधारण १३० घनमीटर. बरा कलेक्टर तासाला १,२०० ते १,३०० घनमीटर हवा ओढतो. म्हणजे खोलीतली सगळी हवा तो सहा मिनिटांत बाहेर फेकणार. तेवढी हवा आत कुठून येणार? नव्या घरांची दारं-खिडक्या घट्ट बसतात. मग खोलीत दाब कमी होतो आणि हवा सापडेल त्या वाटेने आत शिरते. सगळ्यात सोपी वाट म्हणजे बॉयलरचं धुरांडं. जो धूर वर जायला हवा तो उलटा खाली, तुमच्या खोलीत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तुम्ही कानाला मफ लावून टेबल सॉवर असाल, आणि वर आई झोपलेली असेल.

उपाय तीन. एक, हवा बाहेर न फेकता चांगल्या फिल्टरमधून खोलीतच परत सोडायची. दोन, बॉयलर बंद ज्वलनकक्षाचा घ्यायचा, म्हणजे ज्वाळेला लागणारी हवा तो स्वतःच्या पाइपने बाहेरून घेतो आणि धूरही स्वतःच्या पाइपने बाहेर सोडतो. तीन, बॉयलर या खोलीतून बाहेरच काढायचा. मी असतो तर पहिला आणि तिसरा दोन्ही केले असते. बारीक धूळ आणि उघडी ज्वाळा एका खोलीत नकोच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवाच, हे वेगळं सांगत नाही.

गॅरेजसुतार

हे वाचून हात थांबले. बॉयलरचा विचार मी फक्त "कोपरा अडवतो" एवढाच केला होता. प्लंबरशी आज बोललो. भिंतीपलीकडे जी सामानाची खोली होती तिथे बॉयलर हलवता येईल, आणि बंद ज्वलनकक्षाचाच घ्यायचं ठरलं.

पण मग फिल्टरवर भिस्त आली. फिल्टरमधून परत येणारी हवा खरंच श्वास घेण्यासारखी असते का? गॅरेजमधल्या माझ्या कलेक्टरच्या पिशवीला हात लावला तर हाताला पीठ लागतं.

गोलकरवत

हाताला पीठ लागतं म्हणजेच ती पिशवी गाळत नाही, पसरवते. यावर सविस्तर लिहितो, कारण मी हीच चूक काही वर्षं केली.

माझ्याकडे तुमच्यासारखाच पिशवीवाला कलेक्टर होता आणि ४ इंची पाइप. जमीन स्वच्छ असायची, ढलप्या पिशवीत जायच्या, मी खूश होतो. एकदा संध्याकाळी काम संपवून दिवे घालवले आणि काहीतरी विसरलं म्हणून टॉर्च घेऊन परत खाली गेलो. टॉर्चच्या झोतात हवा दुधासारखी दिसली. यंत्रं बंद होऊन पाऊण तास झाला होता. कलेक्टरच्या पिशवीवर नुसतं बोट मारलं, तर झोतात एक ढग फुगला आणि तिथेच लटकत राहिला. त्या हवेत मी रोज मास्क काढून झाडू मारत होतो.

डोळ्यांना दिसतो तो भुसा त्रासदायक आहे, पण तो खाली पडतो. खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला सात-आठ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच उंचीवरून उतरायला बारा तासांच्या आसपास लागतात, तेही हवा हलली नाही तर. हेच कण नाकाच्या केसांना चुकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. नाक आणि नाकाजवळच्या पोकळ्यांचा कर्करोग. घरात दम्याचा माणूस असेल तर त्याला इतकी वर्षं थांबावं लागत नाही, त्याच रात्री खोकला सुरू होतो.

आता तुमच्या आराखड्याकडे येतो. लोक कलेक्टरची अश्वशक्ती विचारतात, पाइपचा व्यास विचारत नाहीत. पाइपात भुसा वाहता राहायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. त्या वेगाने १०० मिलिमीटरच्या, म्हणजे ४ इंची पाइपातून तासाला सुमारे ५६५ घनमीटर हवा जाते. १५० मिलिमीटरच्या, म्हणजे ६ इंची पाइपातून सुमारे १,२७०. सव्वादोन पट! ढलप्या ओढायला ५६५ चालतात, म्हणून तर जमीन स्वच्छ दिसते. पण पात्याच्या दातावरून उडालेली बारीक धूळ खोलीत पसरायच्या आत पकडायची तर यंत्राभोवतीची पुष्कळ हवा एकदम ओढावी लागते. तुम्ही ५ अश्वशक्तीचा कलेक्टर लावा, पुढे ४ इंची पाइप असेल तर तो ४ इंचातून जेवढं जाईल तेवढंच ओढणार.

म्हणून मुख्य लाइन ६ इंची, आणि फांदीसुद्धा यंत्रापर्यंत ६ इंचीच. यंत्राच्या तोंडाशी कंपनीने ४ इंची भोक दिलेलं असतं, ते शक्य तिथे मोठं करा किंवा दुसरं भोक पाडा. टेबल सॉला मी खालच्या पेटीतून एक आणि पात्यावरच्या गार्डमधून दुसरी, अशा दोन वाटा दिल्या. तोंडावर येणारी धूळ वरच्या वाटेने गेली तेव्हा मला कळलं की आधी ती कुठे जात होती.

उलट दिशेची चूकही करू नका. "मोठा पाइप चांगला" म्हणून २-३ अश्वशक्तीच्या पंख्याला ८ इंची लाइन लावली तर वेग पडतो आणि भुसा पाइपातच बसतो.

आणि कंपनीच्या कागदावरचा हवेचा आकडा म्हणजे बऱ्याचदा फिल्टर नाही, पाइप नाही, अशा मोकळ्या पंख्याचा असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळेल असं धरून चाला.

बारीक_दाणा

टॉर्चच्या प्रयोगाला +१. आज रात्री सगळ्यांनी करून बघा.

गोलकरवत

फिल्टरचा प्रश्न राहिला. कापडी पिशवी काढून टाका. आधी सायक्लोन, मग घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर. सायक्लोनमध्ये हवा गोल फिरते, जड भुसा कडेला घासत खाली ड्रममध्ये पडतो, हलकी हवा मधून वर फिल्टरकडे जाते. त्यामुळे फिल्टरवर भार फार थोडा येतो. फिल्टर हेपा दर्जाचा घेतलात, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा, तर खोलीत परत येणाऱ्या हवेची चिंता करू नका. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाब दाखवणारा साधा मीटर लावा. काटा चढला की फिल्टर साफ करायचा, अंदाजाने नाही.

एकच सांभाळा: सायक्लोनच्या खालच्या ड्रमचं झाकण. तिथे दोरा जाईल एवढी फट राहिली तरी बाहेरची हवा खालून वर घुसते आणि पडलेला भुसा उचलून थेट फिल्टरवर नेते. माझ्या झाकणाच्या रबराला एका जागी चीर होती. महिन्याभरात फिल्टरच्या घड्या बुजल्या आणि मी दोष फिल्टरला देत बसलो. ड्रम काठोकाठ भरला तरी तेच होतं.

रंधा

आणि सायक्लोन ड्रमसकट उभा केला तर सव्वादोन-अडीच मीटर सहज खातो. जिन्याखाली मावणार नाही. उंची वाढवायचं आणखी एक कारण.

ड्रमबद्दल अजून एक. प्लेनरवर दोन तास काम केलं की ड्रम भरतो, आणि तो तळघरातून वर न्यावा लागणार. आधीच ठरवा: कोण उचलणार, कुठून नेणार, कुठे रिकामा करणार. एका मोठ्या ड्रमऐवजी दोन मध्यम आळीपाळीने वापरा, आत प्लास्टिकची पिशवी घाला, आणि पिशवीचं तोंड खालीच बांधून मगच जिना चढा. स्वयंपाकघरातून उघडा ड्रम नेलात तर इतक्या खर्चाचा आणि कष्टाचा अर्थ राहत नाही.

पाइपवाला

जमिनीखालचा पाइप: करू नका. तुंबला तर काँक्रीट फोडायचं, आणि दोन वर्षांनी टेबल सॉ एक मीटर सरकवावीशी वाटली तर पाइप जागचा हलत नाही. जमिनीतच हवं असेल तर उथळ चर ठेवा आणि त्यावर पायाखाली दबणार नाही अशी उचलता येणारी झाकणं. विजेची वायरसुद्धा त्याच चरातून वेगळ्या नळीतून जाते. टेबल सॉच्या पुढे आणि मागे प्रत्येकी अडीच मीटर मोकळं सोडलंत ना?

बाकी पाइपाचे नियम माझ्या हाताच्या अनुभवातले. काटकोनी टी कुठेही नको, तिरकी वाय वापरा. वळणाला पाण्याच्या लाइनचा आखूड एल्बो नको, ४५ अंशाचे दोन जोडून मध्ये थोडा सरळ तुकडा घाला. फांदी मुख्य लाइनला बाजूने किंवा वरून जोडा. खालून जोडली तर वाहता भुसा बंद फांदीत पडून साठतो. वळ्यांचा लवचीक पाइप सरळ पाइपाच्या तिप्पट अडथळा करतो, तेव्हा यंत्राशी शेवटचा हातभर तुकडा, बस. प्रत्येक यंत्राला गेट (फांदी बंद करायची सरकती झडप), आणि एका वेळी एकच गेट उघडं. लांबच लांब लाइन टाकण्यापेक्षा जास्त हवा मागणारी यंत्रं, म्हणजे प्लेनर आणि टेबल सॉ, कलेक्टरच्या जवळ आणा.

मुळात आधी यंत्रं मांडून मग पाइप ओढायचा हा क्रमच उलटा करा. आधी पाइपची सर्वात आखूड वाट काढा, मग तिच्या कडेने यंत्रं बसवा.

ठिणगी

पीव्हीसी पाइपात स्थिर वीज तयार होते आणि भुशाचा स्फोट होतो असं वाचलंय. धातूचाच पाइप घ्यावा असं माझं ठाम मत.

पाइपवाला

धातूचा गोल पाइप उत्तमच, मीही तोच लावतो. पण कारण नीट समजून घेऊ. स्फोट व्हायला हवेत धूळ फार दाट लागते, घनमीटरला ४० ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त. तेवढ्या ढगात पुढे धरलेला हात दिसत नाही. मोठ्या कारखान्यांत, सायलोत, कडी-कपारीत वर्षानुवर्षं साठलेली धूळ एकदम उडाली तर ती स्थिती येते, आणि तिथे माणसं गेलेली आहेत. घरच्या ६ इंची पाइपात ती सहसा येत नाही. पीव्हीसी वीजवाहक नसल्याने बाहेरून तांब्याची तार गुंडाळून अख्खा पाइप अर्थ होत नाही. हाताला बसणारे झटके कमी होतात, इतकंच. धातूच्या पाइपाला अर्थिंग खरं होतं, तो जळत नाही, आणि आतून दाबाने चपटा होऊ नये एवढ्या जाडीचा घेतला की जन्मभर टिकतो. तुमच्या भागातले आगीचे नियम आणि विमा कंपनीच्या अटी मात्र विचारून घ्या.

ठिणगी

पटलं. माझी भीती कुठून आली तेही सांगतो. जुन्या दरवाजाच्या फळ्या चिरत होतो. आत तुटलेला खिळा होता. पातं खणकन वाजलं, एक ठिणगी दिसली, मी पातं बदललं आणि पुढे काम केलं. दीड तासाने दिवे घालवताना करपल्यासारखा वास आला. ड्रमला तळहात लावला तर तळाशी एक बाजू गरम. ड्रम ओढत बाहेर नेऊन उपडा केला. वरून भुसा पिवळाधमक, आणि आत मुठीएवढा काळा गोळा, फुंकर बसल्यासारखा लाल होत होता. मी झोपायला गेलो असतो तर?

वायुवीजन

ही गोष्ट सांगितल्याबद्दल मनापासून आभार. पंख्याच्या जोराने उडालेल्या ठिणगीला वारा मिळतो आणि ड्रममध्ये सरपण. जुनं लाकूड असेल तर आधी मेटल डिटेक्टर फिरवा. धातू घासायचा ग्राइंडर त्या लाइनवर कधीही नको, जमिनीवरचे स्क्रू-खिळे त्या नळीने ओढायचे नाहीत. ड्रम शक्य तर धातूचा, आणि काम संपल्यावर तो भुशासकट रात्रभर घरात ठेवू नका. वर्कशॉपमध्ये धुराचा अलार्म धुळीने उगाच वाजत राहतो आणि मग माणूस त्याची बॅटरी काढतो. तिथे उष्णतेवर वाजणारा लावा, आणि धुराचा जिन्याच्या वरच्या टोकाला. दोन्ही एकमेकांना जोडलेले.

जवसाच्या तेलाच्या चिंध्याही. चुरगळून टाकलेली चिंधी आपोआप तापून पेटते, तिला काडी लागत नाही. बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

मेनस्विच

मी विजेचं काम करते, म्हणून माझ्या भागापुरतं.

वर्कशॉपला स्वतंत्र डिस्ट्रिब्यूशन बोर्ड घ्या, खोलीच्या दाराशी, एका मेन स्विचने सगळी यंत्रं बंद होतील असा. घरात लहान मुलं येणार असतील तर त्याला कुलूप. कलेक्टर आणि यंत्र नेहमी एकाच वेळी चालतात, त्यामुळे कलेक्टरला स्वतःचं सर्किट लागतंच. ३ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर चालताना साधारण १३ ते १५ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. म्हणून मोटरसाठीचा ब्रेकर वेगळ्या जातीचा असतो, ते इलेक्ट्रिशियनला आठवणीने सांगा. रिमोटने कलेक्टर चालू करायचा असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) घाला. दिव्यांसाठीचे रिमोट प्लग हा झटका सोसत नाहीत, त्यांचे संपर्क चिकटतात आणि मग मोटर बंदच होत नाही.

आणि दिव्यांचं सर्किट यंत्रांपासून पूर्ण वेगळं ठेवा. टेबल सॉने ब्रेकर पाडला आणि त्याबरोबर दिवे गेले तर काळोखात पातं फिरत असतं आणि तुमचे हात त्याच्याजवळ असतात. तळघरात खिडकीचा उजेडही नाही.

सॉकेट कमरेच्या वर, शीट भिंतीला टेकवली तरी झाकली जाणार नाहीत अशा उंचीवर. भिंती बंद व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीत एकदोन रिकाम्या नळ्या टाकून ठेवा.

गॅरेजसुतार

ताई, दिव्यांचं लक्षातच आलं नव्हतं. नोंदवलं.

आवाजाचं काय करू? सायक्लोन आईच्या खोलीखाली येतोय. आणि धूळ घरात वर जाऊ नये म्हणून दाराशिवाय अजून काही?

बारीक_दाणा

आधी धुळीचं. घराला गरम-थंड हवेची मध्यवर्ती व्यवस्था असेल तर तिची हवा परत ओढणारी जाळी वर्कशॉपमध्ये अजिबात ठेवू देऊ नका. नकाशात बघा, कंत्राटदार सवयीने प्रत्येक खोलीत एक टाकतो. ती राहिली तर तुमची बारीक धूळ यंत्र लावून घरभर वाटली जाईल. दाराला चारी बाजूंनी रबर, खाली पडणारी पट्टी. छतातून वर जाणाऱ्या वायरी-पाइपांची भोकं सील करा. दाराबाहेर वेगळ्या चपला आणि अंगरखा अडकवायला खुंटी. कपड्यांवरून वर जाणारी धूळ कुठलाही कलेक्टर अडवत नाही.

छताला टांगायचा हवा शुद्ध करणारा डबाही घ्या, पण तो निसटलेल्या धुळीसाठी. यंत्रासमोर उभं असताना तो तुमचं नाक वाचवत नाही. सँडरला आणि मायटर सॉला त्यांचा वेगळा व्हॅक्यूम हवा, कारण त्यांच्या बारक्या तोंडातून हवा खेचायला जोर लागतो, आणि तो मोठ्या कलेक्टरकडे नसतो. मायटर सॉच्या मागे तीन बाजूंनी बंद खोका करून त्याला ६ इंची फांदी द्या. ते यंत्र धूळ सगळीकडे फेकतं. तरीही मास्क घालायचाच.

पाइपवाला

आवाजासाठी कलेक्टरला कपाटासारखी खोली करा. छत आणि भिंतींत खनिज लोकर, छताचा बोर्ड वाशांना थेट न ठोकता लवचीक पट्ट्यांवर. कलेक्टरचे पाय रबरावर, आणि पाइप छताला अडकवताना मध्ये रबर, नाहीतर पाइपच आवाज वर पोचवतो.

पण त्या खोलीतून हवा वर्कशॉपमध्ये परत यायला मोठी वाट लागते. ६ इंची पाइपाचं तोंड १७७ चौरस सेंटिमीटर. परतीची वाट ४० बाय ६० सेंटिमीटरची, म्हणजे तेराचौदा पट ठेवा, आतून लोकर लावलेली आणि नागमोडी, म्हणजे हवा जाईल पण आवाज सरळ बाहेर पडणार नाही. लोकांनी छान घट्ट कपाट करून कलेक्टरचा श्वासच कोंडलेला मी पाहिलाय.

ओल

एवढं सगळं झालं पण तळघर म्हणजे ओल, हे कुणी म्हटलं नाही. नवं काँक्रीट महिनोन्‌महिने पाणी सोडतं, इंचभर जाडीला साधारण महिना असा ढोबळ हिशोब. आत्ताच स्लॅबखाली जाड प्लास्टिकचा पडदा टाकायला सांगा, तो नंतर घालता येत नाही. यंत्रं आणायच्या आधी ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा जमिनीला चारी कडांनी टेपने चिकटवा आणि १६ तास सोडा. उचलल्यावर खाली दव किंवा काळपट डाग दिसला तर जमीन अजून ओली आहे. टेबल सॉचं बिडाचं टेबल अशा हवेत आठवड्यात तांबूस पडतं, आणि कोरडी आणलेली फळी आठ दिवसांत वाकते. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवणारा डिह्युमिडिफायर लावा, त्याची जाळी दर आठवड्याला साफ करा, धुळीने तीच आधी बुजते.

गॅरेजसुतार

तीन आठवड्यांनी लिहितोय. काल भिंतींचं काँक्रीट ओतून झालं.

उंची २.८५ मीटर झाली. बिल्डरने आधी नाक मुरडलं, मग प्लायची शीट आडवी-उभी करून दाखवली तेव्हा तयार झाला. बॉयलर भिंतीपलीकडे गेला, बंद ज्वलनकक्षाचा. परत हवा ओढणारी जाळी नकाशात खरंच होती, ठीक टेबल सॉच्या डोक्यावर. ती काढून टाकली. स्लॅबखाली प्लास्टिकचा पडदा आहे, माझ्यासमोर टाकला. जमिनीत पाइप नाही, फक्त २० सेंटिमीटर खोल चर, आणि बाहेरून उतरायला एक मीटर रुंदीचा सरळ जिना.

कलेक्टर आईच्या खोलीखालून उचलून बाहेरच्या जिन्याशेजारी नेला. त्याने तीन गोष्टी एकदम सुटल्या: आवाज धुण्याच्या खोलीखाली गेला, ड्रम घरात न येता थेट बाहेर जातो, आणि प्लेनर-टेबल सॉ दोन्ही कलेक्टरपासून चार मीटरच्या आत आले. ३ अश्वशक्तीचा सायक्लोन, ६ इंची धातूची लाइन, हेपा फिल्टर. जॉइंटर आणि बँड सॉ एकाच फांदीवर दोन गेटांनी.

पाइपवाला म्हणाले तसं आधी पाइपची वाट काढली. ताज्या जमिनीवर खडूने सरळ रेघ ओढली, मग पुठ्ठ्यातून प्रत्येक यंत्राचा ठसा खऱ्या मापाने कापून त्या रेघेच्या कडेने सरकवत बसलो. टेबल सॉच्या पुठ्ठ्यामागे अडीच मीटर मोजले तेव्हा राउटर टेबल आडवं आलं, ते टेबल सॉच्या टेबलाच्या उजव्या भागातच बसवायचं ठरवलं. एक फांदी वाचली.

एक प्रश्न अजून आहे. मायटर सॉ ज्या भिंतीला आहे ती कलेक्टरपासून सगळ्यात लांब, साडेआठ मीटर. तिथपर्यंत लाइन न्यावी की मायटर सॉला फक्त मोठा व्हॅक्यूम ठेवावा?

बारीक_दाणा

मायटर सॉ जवळ आणा. तिला भिंत लागते हे खरं, पण तीच भिंत का? बाहेरून लाकूड त्या जिन्याने उतरणार, म्हणजे पहिला काप जिन्याच्या पायथ्याशीच पडायला हवा. लांब फळी तिथे कापा आणि तुकडे आत न्या.

गॅरेजसुतार

बरोबर. पुठ्ठा उचलतोय.